मोजल्यावाचून मानू नये

परिसाचा स्पर्श होताच लोखंडाचे सोने होते, ही कथा आपल्याकडे फार जुनी आहे. परीस प्रत्यक्ष कोणी पाहिला नाही. परंतु तो आपल्याला सापडावा, अशी इच्छा मात्र पुष्कळांनी मनात बाळगली. कित्येक किमयागारांनी त्या नादात आपले आयुष्य घालवले आणि आपल्या आश्रयदात्यांचे द्रव्यही घालवले. थोडक्या श्रमात मोठा लाभ व्हावा, ही मनुष्याची हौस त्यांच्याबरोबर संपली नाही. काळ बदलला तसे तिने नवे रूप घेतले, एवढेच.

आजच्या काळातील असा एक परीस म्हणजे पेट्रोल वाचवणारी डबी. मोटार किंवा मोटारसायकल असणाऱ्या घरात पेट्रोलचा भाव हा रोजच्या बोलण्याचा विषय असतो. अशा घरापुढे एखादा विक्रेता येतो आणि म्हणतो, “ही चकती पेट्रोलच्या नळीला बांधा, ॲव्हरेज शेकडा वीस वाढेल.” कोणी लोहचुंबक विकतो, कोणी हवेच्या वाटेत बसवण्याचा लहानसा पंखा विकतो, कोणी टाकीत टाकण्याची गोळी विकतो, आणि पाण्यापासून वायू तयार करून तो इंजिनाला पाजणारी बाटलीही कोणी विकतो. वस्तू निरनिराळ्या असल्या तरी अभिवचन एकच असते : थोडे पैसे द्या आणि जन्मभर बचत करा.

अशा अभिवचनांपुढे आपण कसे वागावे? माझे मत असे आहे की, त्यांच्यावर एकदम विश्वास ठेवू नये आणि त्यांची एकदम टवाळीही करू नये. शांतपणे तीन प्रश्न विचारावेत. बचत होते ती कोठून होते? ती कोणी मोजली? आणि मोजताना तुलना कशाशी केली? या तीन प्रश्नांना जी वस्तू उतरेल ती खुशाल घ्यावी; जी उतरणार नाही ती कितीही चकचकीत असली तरी दुकानातच राहू द्यावी.

पहिला प्रश्न घेऊ. विक्रेते बहुधा असे सांगतात की, “इंजिनात पुष्कळ पेट्रोल न जळताच वाया जाते, आमच्या उपकरणाने ते पूर्ण जळते.” ऐकताना हे पटण्यासारखे वाटते. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. सुस्थितीतील आधुनिक मोटारीच्या इंजिनात शंभर भाग पेट्रोल गेले, तर त्यांपैकी अठ्ठ्याण्णवाहून अधिक भाग जळूनच जातात. राहिलेला दीड-दोन भाग कोणी अगदी पूर्णपणे जाळून दाखवला, तरी बचत शेकडा दोनच्या पलीकडे जाणार नाही. मग शेकडा वीस कोठून येणार? ज्या घड्यात दोन ओंजळी पाणी आहे, त्यातून वीस ओंजळी निघत नाहीत.

येथे एक शंका येईल. पेट्रोल जवळजवळ सगळे जळते, तर मग मोटारीत काही वाया जातच नाही काय? जाते, आणि पुष्कळ जाते. पेट्रोलमधील शक्तीचे शंभर भाग मानले, तर गाडीच्या चाकांपर्यंत साधारणपणे बारा ते तीस भागच पोहोचतात. उरलेल्यांतील मोठा वाटा उष्णतेच्या रूपाने धुराबरोबर आणि रेडिएटरवाटे बाहेर जातो. म्हणजे दोष जळण्यात नाही. उष्णतेपासून गती निर्माण करण्यात आहे. उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राला ही मर्यादा असतेच, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली दाखवून दिले. ती मर्यादा नळीला चकती बांधून ओलांडता येत नाही.

आता लोहचुंबकाचे पाहू. चुंबक लोखंडाला ओढतो, हे तुम्ही वर्गात पाहिले आहे. पेट्रोल म्हणजे लोखंडाचा कीस नव्हे. त्याच्या नळीवर चुंबक बांधल्याने त्याचे कण निराळ्या रीतीने मांडले जातात आणि म्हणून ते अधिक चांगले जळतात, असे विक्रेते सांगतात. परंतु नळीवर चुंबक बांधून मोटारीचे पेट्रोल वाचते, असे काटेकोर चाचणीत दिसून आलेले नाही. हवेच्या वाटेतील पंख्याचीही तीच गत आहे. आजच्या इंजिनात हवा किती आली हे मोजणारे आणि त्या मानाने पेट्रोल सोडणारे यंत्र आधीच बसवलेले असते. त्या वाटेत आणखी एक पाते आडवे घातले, तर हवेला अडथळा मात्र होतो.

पाण्याच्या बाटलीची गोष्ट तर अधिकच बोधप्रद आहे. विजेच्या साहाय्याने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू होतात, हे खरे. हायड्रोजन जळतो, हेही खरे. परंतु पाणी म्हणजे काय? हायड्रोजन जळून जे उरते तेच पाणी. जणू ती हायड्रोजनची राखच होय. राखेतून पुन्हा सरपण मिळवायचे, तर ते जळताना जेवढी शक्ती बाहेर पडली तेवढी तिला परत द्यावी लागते, आणि वाटेत काही सांडतेच म्हणून थोडी अधिकच द्यावी लागते. ती वीज मोटारीत कोठून येते? इंजिनाने फिरवलेल्या जनित्रातून. इंजिन कशावर फिरते? पेट्रोलवर. म्हणजे उजव्या खिशातील पैसे डाव्या खिशात टाकायचे, आणि टाकताना दोन नाणी रस्त्यावर पाडायची, असा हा व्यवहार आहे.

कोणी म्हणेल, “तुमचे हे शास्त्र असू द्या. आमच्या ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याने डबी बसवली आणि त्याला खरोखरच फायदा झाला.” हे बोलणे खोटे असतेच असे नाही. येथेच दुसरा आणि तिसरा प्रश्न उपयोगी पडतो.

समजा, त्या टॅक्सीला आधी लिटरमागे १५ किलोमीटर पडत होते आणि डबी बसवल्यावर साडेसोळा पडू लागले. टॅक्सीवाला प्रामाणिक आहे. त्याने जे पाहिले तेच तो सांगतो. परंतु डबी बसवताना मेस्त्रीने प्लग साफ केले असतील, एअर फिल्टर झटकला असेल, टायरांत हवा भरली असेल. डबीला पैसे दिल्यामुळे टॅक्सीवाल्याचे लक्ष त्या दिवसापासून पेट्रोलच्या काट्याकडे अधिक गेले असेल आणि नकळत त्याचा पाय अॅक्सिलरेटरवर हलका पडू लागला असेल. त्या आठवड्यात शाळांना सुटी असेल आणि रस्त्यावर गर्दी कमी असेल. पंपावर टाकी भरताना एकदा ती काठोकाठ भरली असेल आणि एकदा थोडी कमी भरली असेल. इतक्या गोष्टी एकाच वेळी बदलल्या असता सगळे श्रेय एकट्या डबीला देणे कितपत न्यायाचे आहे?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याला फायदा झाला असे वाटते, तो दहा जणांना सांगतो. ज्याला झाला नाही, तो गप्प बसतो. कारण आपण फसलो हे चारचौघांत सांगणे कोणाला आवडते? त्यामुळे आपल्या कानांवर येतात त्या बहुतेक यशाच्याच कथा. अपयशाच्या कथा घराच्या माळ्यावर, त्या डबीशेजारी, धूळ खात पडलेल्या असतात.

मग खरी परीक्षा कशी करावी? गाडी तीच, रस्ता तोच, वेग तोच, पेट्रोल तेच. बदल फक्त एक असावा, आणि तो म्हणजे ते उपकरण. एकदा उपकरण लावून, एकदा काढून, पुन्हा लावून आणि पुन्हा काढून, अशी अनेक वेळा मोजणी करावी. शक्य तर चालकालाही कळू देऊ नये की, या खेपेस उपकरण लावलेले आहे की नाही. असे केले म्हणजे मनाची आशा मोजमापात शिरत नाही.

अशी परीक्षा एका देशाने खरोखरच मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. १९७३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अरब राष्ट्रांनी अमेरिकेला तेल देणे बंद केले. काही महिन्यांतच जगात खनिज तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. अमेरिकेत पंपांपुढे मोटारींच्या लांबच लांब रांगा लागू लागल्या, आणि अशा वेळी नेहमी होते तेच तेथेही झाले : पेट्रोल वाचवणाऱ्या उपकरणांच्या जाहिरातींना ऊत आला. तेव्हा १९७५ साली तेथील काँग्रेसने कायदा करून अशी उपकरणे तपासण्याचे काम पर्यावरण संरक्षण संस्थेकडे सोपवले.

या संस्थेची प्रयोगशाळा मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या गावी आहे. तेथे मोटार मोठ्या रुळांवर उभी करतात. चाके फिरतात, परंतु गाडी जागची हलत नाही. केव्हा किती वेग ठेवायचा आणि केव्हा थांबायचे, हे आधीच ठरलेले असते आणि चालकाला ते तंतोतंत पाळावे लागते. गाडीतून बाहेर पडणारा धूर गोळा करून त्यातील कार्बन मोजतात आणि त्यावरून पेट्रोल किती जळाले याचा हिशेब काढतात. येथे ना वाऱ्याची झुळूक, ना रस्त्यावरील गर्दी, ना चालकाची हौस.

त्या संस्थेने वर्षानुवर्षांत शंभराहून अधिक उपकरणे आणि द्रव्ये तपासली. फल काय निघाले? फारच थोड्यांनी बचत दाखवली, आणि तीही लहानशी. त्या थोड्यांत, गाडी जोराने वेग घेत असताना वातानुकूलनाचे यंत्र तेवढ्यापुरते बंद करणारे एक साधन होते. त्यात चमत्कार काहीच नव्हता. जे काम थांबवले त्याचे पेट्रोल वाचले, इतका सरळ हिशेब होता. उलट, काही उपकरणांनी धुरातील विषारी वायू मात्र वाढवले. म्हणजे ज्याने ते विकत घेतले त्याचे पैसे गेले आणि जो रस्त्याने पायी जात होता त्याच्या छातीत धूर गेला.

आपल्याकडेही मोजमापाची सोय नाही असे नव्हे. पुण्यातील वेताळ टेकडीवर भारतीय मोटार संशोधन संस्था १९६६ सालापासून उभी आहे. तेथेही गाड्या अशाच रुळांवर चालवून त्यांचे इंधन आणि त्यांचा धूर मोजला जातो. उपकरण बनवणाऱ्याला आपल्या मालाची खात्री असेल, तर त्याने प्रथम अशा प्रयोगशाळेचे दार ठोठवावे आणि मग आपले. मोजमापाची वाट सोडून जो केवळ प्रशस्तिपत्रे दाखवतो, त्याच्याविषयी शंका घेण्याचा आपल्याला अधिकार आहे.

एक साधा हिशेब करून पाहा. आपल्या राज्यात एस. टी. च्या हजारो गाड्या रोज धावतात. समजा, एक गाडी दिवसाला ३०० किलोमीटर जाते आणि लिटरमागे ५ किलोमीटर देते. तिला रोज ६० लिटर डिझेल लागेल. एखाद्या डबीने त्याचा पाचवा हिस्सा वाचला, तर एका गाडीमागे १२ लिटर वाचतील. आणि अशा दहा हजार गाड्या धरल्या, तर एका दिवसात १,२०,००० लिटर! इतकी बचत खरोखर होणार असती, तर त्या डबीच्या मालकाला दारोदार फिरावे लागले नसते; महामंडळेच त्याच्या दारी आली असती.

यावर एक ठरावीक उत्तर ऐकू येते. “शोध खरा आहे; परंतु तेल कंपन्यांनी तो विकत घेऊन दडपून टाकला आहे.” ही कथाही नवी नाही. १९३० नंतरच्या काही वर्षांत कॅनडातील चार्ल्स नेल्सन पोग या गृहस्थाने एक कार्ब्युरेटर तयार केला. त्यावर एका गॅलनला २०० मैल गाडी चालते, असे तेव्हा सांगितले गेले. तो कधी बाजारात आला नाही, आणि तो दडपला गेला अशी आख्यायिका मात्र आजतागायत चालत आली आहे. परंतु पोग यांनी त्याचे पेटंट घेतले होते. पेटंट म्हणजे गुप्त तिजोरी नव्हे. ज्याला पेटंट मिळते त्याचा शोध आकृत्यांसह प्रसिद्ध होतो, आणि ठरावीक वर्षे उलटल्यावर तो कोणीही बनवू शकतो. पोग यांच्या पेटंटांची मुदत संपून कित्येक दशके लोटली. मग त्या आकृत्या पाहून कोणालाच तशी गाडी का चालवून दाखवता आली नाही? शिवाय, पेटंट मिळाले म्हणजे वस्तू सांगितल्याप्रमाणे काम करते असे सिद्ध होत नाही. ती कल्पना नवी आहे, एवढाच त्याचा मुख्य अर्थ.

मग नव्या शोधांवर आपण विश्वास ठेवूच नये काय? असे मी मुळीच म्हणत नाही. आज हास्यास्पद वाटणारी कल्पना उद्या खरी ठरू शकते. १९९७ साली जपानमध्ये टोयोटा कंपनीने प्रियस नावाची मोटार विक्रीस आणली. तिच्यात पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही आहेत. एरवी ब्रेक लावला की गाडीची गती उष्णता होऊन वाया जाते. या गाडीत त्या गतीचा काही भाग वीज होऊन बॅटरीत साठतो आणि पुढे उपयोगी पडतो. ही बचत खरी आहे. कारण ती कोठून होते हे बनवणाऱ्यांना सांगता आले, निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी ती मोजली, आणि साध्या गाडीशी तिची तुलना झाली. आपल्या तिन्ही प्रश्नांना येथे उत्तर मिळते. मात्र ते साधण्यासाठी सगळी गाडीच नव्याने रचावी लागली, हेही विसरू नये.

खरोखर पेट्रोल वाचवावयाचे असेल, तर त्याचे मार्ग आपल्या हातीच आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक फुकट आहेत. टायरांत हवा योग्य ठेवावी. गाडी एकदम पळवू नये आणि एकदम थांबवू नये. वेग आवरावा, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. बराच वेळ थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. नको असलेले ओझे गाडीत वागवू नये. जवळ जावयाचे असेल, तर पायी किंवा सायकलने जावे. हे उपाय डबीत भरून विकता येत नाहीत, म्हणून त्यांची जाहिरात कोणी फारशी करत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही मुले. आमच्याजवळ मोटार नाही, तेव्हा या साऱ्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे. वीज वाचवणारी डबी आज तुमच्या घरीही येऊ शकते. ती नुसती भिंतीच्या सॉकेटला लावली की विजेचे बिल निम्मे होते, असे सांगतात. परंतु घरातील मीटर जितकी वीज खरोखर खर्ची पडते तितकीच मोजतो, आणि ती डबी तो खर्च कमी करत नाही. उद्या कोणी स्मरणशक्ती दुप्पट करणारी गोळी घेऊन येईल, कोणी महिन्यात उंची वाढवणारी भुकटी घेऊन येईल. वस्तू बदलतील, प्रश्न मात्र तेच विचारावे लागतील.

अशा फसवणुकीत सर्वांत अधिक कोण भरडला जातो, याचाही विचार करा. ज्याच्यापाशी पैसा विपुल आहे त्याला दोन हजार रुपये गेल्याचे फारसे जाणवत नाही. परंतु जो रिक्षा किंवा टॅक्सी चालवून मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी रोज चार पैसे बाजूला टाकतो, त्यालाच बचतीचे आमिष अधिक ओढते आणि तोच अधिक नाडला जातो. म्हणून शंका घेणे म्हणजे कोणाचा अपमान करणे नव्हे. पुष्कळदा ती आपल्या शेजाऱ्याची केलेली सेवा असते. तुमच्यापैकी एखाद्याने घरात वडिलांना आदराने विचारले, “बाबा, हे कोणी मोजून पाहिले आहे का?” तर त्या एका प्रश्नाने घरातील कष्टाचा पैसा वाचू शकेल.

आपल्या राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. वैज्ञानिक दृष्टी आणि जिज्ञासू वृत्ती अंगी बाणवणे, हे त्यांपैकीच एक कर्तव्य आहे. हे कर्तव्य केवळ प्रयोगशाळेत बसणाऱ्यांसाठी नाही. बाजारात, घरात, वर्तमानपत्र वाचताना, मित्राची गोष्ट ऐकताना, प्रत्येक ठिकाणी ते पाळता येते. त्यासाठी महाग यंत्रे लागत नाहीत. एक वही, एक पेन्सिल आणि उत्तर मिळेपर्यंत थांबण्याची तयारी एवढे पुरते.

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, असे आपली जुनी माणसे सांगत आली आहेत. त्यांचा अनुभव खराच आहे. परंतु ज्या जगाने तराजू केला, मोजपट्टी केली आणि घड्याळ केले, त्याने प्रत्येक वेळी फसलेच पाहिजे असे नाही. विश्वास ठेवणे हा चांगला गुण आहे. फक्त मोजमापाला त्याच्या पुढे चालू द्यावे.